फवारणी, पाणी, धूर आणि आजार : सांगली जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासगाव-कवठेमहांकाळचा द्राक्षपट्टा, वाळवा-पलूसचा ऊसपट्टा, सांगली-मिरज शहरं आणि अधूनमधून जत-आटपाडी. जिथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. तेच ते पुन्हा लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आत्ता कुणाला विषबाधा झाली असेल तर आधी १०८ ला फोन लावा आणि मग सरळ प्रश्न ५ वाचा.

१. अमुक गोष्ट विषारी आहे की नाही, एवढंच सांगा. इतके आढेवेढे का घेता?

कारण ‘किती?’ हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. सगळीच द्रव्यं विष असतात, फरक फक्त मात्रेचा, असं पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकात सांगून ठेवलं. आज त्याला आणखी तीन प्रश्न जोडावे लागतात : शरीरात कोणत्या वाटेने गेलं, किती दिवस जात राहिलं आणि कोणाच्या शरीरात गेलं.

मोरचूदाचं उदाहरण घ्या. त्यातलं तांबं आपल्या शरीराला रोज मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम लागतंच. पण मोरचूद पोटात गेलं तर अन्ननलिका आणि आतडी भाजून निघतात, मूत्रपिंडं धोक्यात येतात. तिसरी गोष्ट आपल्या बागायतदारांना फारशी माहीत नसते. वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याचा, फवारा श्वासातून घेणाऱ्या पोर्तुगालमधल्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांना फुप्फुसाचा एक वेगळाच आजार होतो, हे १९६९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलं. द्रव्य एकच, उत्तरं तीन. म्हणून आधी ‘किती, कुठून, किती दिवस, कोण’ हे विचारतो. पुढची बहुतेक उत्तरं याच चार प्रश्नांवर उभी आहेत.

२. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण असला की बिनधास्त मारायचं का?

नाही. तो रंग फक्त एका गोष्टीचा आहे : एकाच वेळी पोटात गेलं तर किती घातक. प्रयोगशाळेत उंदरांच्या गटाला औषध तोंडावाटे देतात आणि निम्मे उंदीर ज्या मात्रेला मरतात ती मात्रा दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. ती ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. आकडा जितका लहान तितकं औषध जहाल.

दहा वर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय, गरोदरपणात काय, कातडीवर काय, यातलं काहीच त्या रंगात नाही. मँकोझेब हे द्राक्षावरचं घरोघरचं बुरशीनाशक. एकदम विषबाधा होण्याच्या दृष्टीने ते सौम्यच. तरीही युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याच्या मान्यतेचं नूतनीकरण नाकारलं. प्रजननक्षमतेवर आणि संप्रेरकांवर होणारे परिणाम हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

३. निर्यातीच्या मालाचा रेसिड्यू रिपोर्ट ‘फेल’ आला म्हणजे ती द्राक्षं विषारी होती का? मग तीच आम्हाला बाजारात खायला घालतात?

पहिल्या प्रश्नाला उत्तर : बहुतेक वेळा नाही. एमआरएल, म्हणजे उर्वरित अंशाची कमाल मर्यादा, ही ‘याच्यापुढे माणूस आजारी पडतो’ अशी रेघ नाही. लेबलप्रमाणे औषध मारलं, शेवटची फवारणी आणि तोडणी यांतलं अंतर पाळलं, तर मालात जास्तीत जास्त जितका अंश राहील त्यावरून ती ठरते. आरोग्याची रेघ वेगळ्या वाटेने काढतात. प्राण्यांना आयुष्यभर देऊनही ज्या मात्रेला काही बिघडलं नाही ती मात्रा घ्यायची आणि सहसा शंभराने भागायची. माणूस प्राण्यापेक्षा नाजूक असेल म्हणून दहा, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी दहा. ज्या औषधाची मर्यादा वेगळी ठरवलेली नाही त्याला युरोपात सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लावतात. म्हणून काही रिपोर्ट अगदी कणभर अंशासाठीही फेल जातात.

२०१० चा हंगाम जुन्या बागायतदारांना आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं ‘सीसीसी’, याचे अंश सापडल्यावर भारतीय द्राक्षांची युरोपात अडवणूक झाली. ते कीटकनाशक नव्हतंच. वेलीची शाकीय वाढ रोखणारं संजीवक होतं, आणि कुणाला ते तपासण्याचं सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. देशांतर्गत बाजारात तपासणी फारच कमी नमुन्यांची होते, आणि परत आलेला माल नदीत कुणी टाकत नाही. घरी एवढं करा : वाहत्या पाण्याखाली घड चोळून धुवा. वरवरचं औषध बरंचसं निघतं, आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषलं गेलेलं, औषध निघत नाही. मिठाच्या पाण्याने किंवा खाण्याच्या सोड्याने चमत्कार होतो अशी अपेक्षा ठेवू नका. आणि या भीतीने मुलांचं फळ खाणं बंद करू नका, तो तोटा मोठा.

४. उन्हात मास्क, हातमोजे, कोट घालून फवारता येत नाही. यातलं खरंच काय गरजेचं आहे?

यातली एकच गोष्ट निवडायची झाली तर हातमोजे निवडा, आणि तेही औषध ढवळताना. बहुतेकांना वाटतं की विष नाकातून जातं. फवारणीत ते प्रामुख्याने कातडीतून जातं. सगळ्यात मोठा डोस ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) चालू असताना मिळत नाही, डब्यातलं दाट औषध ओतताना मिळतो. बॅरलमध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळणारा माणूस आजही दिसतो. तो नंतर बागेत तोंडाला टॉवेल गुंडाळून फिरतो, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

सगळी कातडी सारखी नसते. जांघेतली कातडी हातावरच्या कातडीपेक्षा कित्येक पट जास्त औषध शोषते. पाठीवरचा पंप गळत असेल आणि चड्डी-पॅन्ट ओली होत असेल तर महागातला मास्क लावून उपयोग नाही, आधी पंपाचं वॉशर बदला. ओला टॉवेल तोंडाला बांधणं हे न बांधण्यापेक्षा वाईट, कारण औषध त्यात मुरून तोंडालाच चिकटून राहतं. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका, जुना दातांचा ब्रश जवळ ठेवा.

हातमोजे नायट्रिलचे, बाह्या लांब, डोळ्यांवर चष्मा, फवारणी सकाळी लवकर, वारं पाठीवर. आल्या आल्या आंघोळ. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, आणि ते धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे हवेत. घरातली बाई आणि लहान मूल शेतात न जाताही त्याच औषधाच्या वाटेकरी होतात ती याच वाटेने.

५. फवारून आल्यावर मळमळ, घाम, अंधारी आणि तोंडाला पाणी सुटतंय. उन्हाचं की औषधाचं?

घरी बसून ते ठरवू नका, दवाखाना गाठा. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं एक विकर (एन्झाइम) अडवतात. नसांना ‘थांब’ सांगणारं विकर तेच असल्यामुळे सगळ्या ग्रंथी आणि स्नायू चालूच राहतात. म्हणून लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, छातीत घरघर, अंगावर फडफडणारे स्नायू आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या. छाती कफाने भरून येणं हे यातलं सगळ्यात घातक लक्षण.

दवाखान्यात नेईपर्यंत : माणसाला मोकळ्या हवेत आणा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, केस विसरू नका. मदत करणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी घालावी. बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा. दूध, तूप, मिठाचं पाणी, लिंबू काही पाजू नका. मुद्दाम उलटी करवू नका, ती फुप्फुसात गेली तर दुसरं संकट. औषधाचा डबा सोबत घ्या. ‘पांढऱ्या डब्यातलं कसलंतरी’ एवढ्यावरून डॉक्टरला उतारा ठरवता येत नाही, कारण ॲट्रोपिन हा या गटावरचा उतारा आहे, प्रत्येक कीटकनाशकावरचा नव्हे. दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल फ्री क्रमांकावर डॉक्टरांनाही सल्ला देतं.

आता जिथे घात होतो ते. पेशंट सावरतो, बोलायला लागतो, घरचे ‘सोडा आता’ म्हणून डिस्चार्ज मागतात. पण या गटाच्या विषबाधेत एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणं, दंड आणि मांड्यांतली ताकद जाणं आणि श्वासाचे स्नायू ढिले पडणं असा दुसरा टप्पा येऊ शकतो. त्या वेळी व्हेंटिलेटर जवळ हवा. डॉक्टर थांबा म्हणत असतील तर थांबा.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. छातीपर्यंत वाढलेल्या पिकात, दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी चालली होती. मांडवाखाली डोक्याच्या वर फवारा मारणाऱ्या आपल्या बागायतदारांनी ती घटना लांबची समजू नये.

६. ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्ट लावायला आलेल्या गड्याने संध्याकाळी थोडी घेतली आणि तोंड लालबुंद होऊन छाती धडधडायला लागली. दारूत काही होतं का?

दोष दारूत नव्हता, पेस्टमध्ये होता. द्राक्षाच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून तिच्यावर लावतात ते हायड्रोजन सायनामाइड. दारू पोटात गेल्यावर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि एक विकर ते पुढे मोडतं. हायड्रोजन सायनामाइड नेमकं तेच विकर बंद पाडतं, मग ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं. चेहरा लाल, डोकं ठणकणं, उलटी, धडधड, कधी रक्तदाब एकदम खाली. दारू सोडवायला देतात त्या गोळीचा परिणामही असाच असतो.

हे फक्त त्याच संध्याकाळी होतं असं नाही, पुढेही काही दिवस होऊ शकतं. त्यामुळे पेस्टच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद. मुकादमाने हे काम सुरू करतानाच सर्वांसमोर सांगावं. एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं की ‘मी घेतच नाही’ हे उत्तर ठरलेलं. दारू न पिणाऱ्यांनाही ही पेस्ट सोडत नाही. ती कातडी आणि डोळे भाजते, आणि हे काम बोटांनी, कापडाने करणाऱ्यांत बायकाच जास्त. हातमोजे द्या.

७. आमच्या ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे. मग पाणी चांगलंच ना?

हिरवं, पिवळं, लाल ही कार्डं स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा आणि वापर अशा गोष्टी पाहून देतात. सलग काही वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. जुलाब, कावीळ, टायफॉइड यांच्या दृष्टीने हे कार्ड कामाचं आहे. नायट्रेट, फ्लोराइड किंवा औषधांचे अंश याबद्दल ते काही सांगत नाही, त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी (प्रश्न ८).

रोजची खात्री करायची तर जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणारा कर्मचारी) ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी तपासणी, करून दाखवायला सांगा. आणि नमुना टाकीखालच्या नळाचा घेऊ नका, गावातल्या शेवटच्या नळाचा घ्या. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असलं पाहिजे. टीसीएलची पिशवी उघडी, ओलसर खोलीत पडून असेल तर त्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो आणि उरते चुन्याची पूड.

८. टीडीएस मीटरवर १५० दाखवतंय. पाणी शुद्ध आहे का? आणि उकळून प्यायलं तर सगळंच जातं ना?

दोन्हींना उत्तर नाही.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. क्षार कोणते, ते त्याला कळत नाही. जंतू त्याला दिसतच नाहीत. औषधाचे अंश इतके सूक्ष्म असतात की आकडा हलतही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नाही म्हणूनही त्यात सूट नाही. १५० च्या आकड्यात नायट्रेट ६० असलं तरी मीटर १५०च दाखवणार. उलट ७०० टीडीएसचं पाणी चवीला मचूळ लागेल, पण त्यात घातक काही नसेलही.

उसाला युरिया भरभरून देणाऱ्या, भरपूर पाणी पाजणाऱ्या पट्ट्यात विहिरीचं नायट्रेट तपासून घेणं शहाणपणाचं. उकिरडा किंवा शोषखड्डा विहिरीला लागून असेल तर जास्तच. नायट्रेटचा खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पाण्यात कालवून पिणाऱ्या बाळाला. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचं थांबतं आणि ओठ, नखं निळी-करडी पडतात. अंगावरच्या दुधातून हा धोका जवळपास येत नाही.

आता उकळण्याबद्दल. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र वाफेबरोबर जात नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट तिथेच राहतं, म्हणजे लिटरमागचं प्रमाण वाढतं. बाळासाठी पाणी ‘चांगलं अर्धा तास उकळा’ हा आजीचा सल्ला जंतूंसाठी बरोबर आणि नायट्रेटसाठी उलटा. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही दिवा यांनीही नायट्रेट जात नाही, आरओने जातं.

९. महापूर ओसरला. घरात परत जायच्या आधी काय बघायचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. एवढं पाणी शिरलं की शौचालयं, गोठे, उंदरांची बिळं, औषधांची दुकानं सगळ्यांचं मिळून एकच पाणी होतं. घरातला चिखल गमबूट आणि हातमोज्यांशिवाय काढू नका. लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या तापाचे जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शिरतात. ताप सहसा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर माणूस पूर विसरून कामाला लागलेला असतो. जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं आणि चिपड नसतानाही लाल झालेले डोळे, असं असेल तर डॉक्टरला ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे न विचारताच सांगा. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच घ्या, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना त्या सरसकट चालत नाहीत.

विहीर उपसा, टीसीएल टाका, पुन्हा उपसा, मग नमुना तपासा. गोदामात औषधांचे डबे भिजून फुटले असतील तर ते फावड्याने नाल्यात ढकलू नका. कृषी खात्याला कळवा.

१०. कृष्णेत मासे मरून तरंगतात ते विषाने का? ते खाल्ले तर?

बऱ्याचदा गुदमरून. मळी, सांडपाणी, शेरी नाल्यासारखे नाले यांतून कुजणारं सेंद्रिय द्रव्य आलं की ते खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट, म्हणून प्राणवायू आधीच थोडा. पहिल्या मोठ्या पावसात नाल्यांत साचलेलं सगळं एकदम नदीत उतरतं तेव्हाही असंच होतं. गुदमरलेले मासे मरण्याआधी पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. सगळ्या आकाराचे मासे अचानक भर दुपारी मेले, बेडूक आणि खेकडेही मेले, तर विषाचा संशय जास्त घ्यावा.

खाऊ नका. कारण काहीही असो, घाटावरून ते ओळखता येत नाही.

नमुना घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट : बाटली भरून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली तर प्राणवायूचा आकडा निरर्थक असतो. तो काठावरच मोजावा लागतो, किंवा बाटलीत तिथल्या तिथे रसायन घालून पक्का करावा लागतो. ‘तपासलं, काही निघालं नाही’ असं ऐकलं की नमुना किती वाजता, कुठे आणि कसा घेतला ते आधी विचारा.

११. हळदीत शिसं असतं म्हणे. सांगलीच्या हळदीतही?

हळदीचं पीक शिसं बनवत नाही. भेसळीत येतं ते लेड क्रोमेट, एक झगझगीत पिवळा रंग. हळकुंडांना पॉलिश करताना किंवा पूड करताना तो मारतात. बांगलादेशात हळदीतून लोकांच्या रक्तात शिसं जात असल्याचं २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं आणि तिथल्या सरकारने त्यानंतर कडक कारवाई केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन म्हणजे प्रत्येक पोत्याची तपासणी नव्हे.

भारतात हळदीतल्या शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. मुलांच्या मेंदूच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. प्रश्न १ मधल्या ‘मात्रेवर आहे’ या नियमाचा हा अवघड कोपरा : शिशाला खालची रेघ सापडलेली नाही. ग्लासातल्या पाण्यात हळद टाकून बघायच्या युक्त्यांनी शिसं कळत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेलं, मळकट दिसणारं हळकुंड घेऊन गिरणीतून दळून आणणं हा सोपा मार्ग. रंग फारच उजळ असेल तर हात आखडता घ्या.

१२. आमच्या गल्लीत दोन वर्षांत पाच जणांना कॅन्सर झाला. पाण्यातच काहीतरी आहे, हे सिद्ध होत नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून लोक सर्वांत जास्त नाराज होतात.

आधी आकडा. भारतात साधारण नऊपैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होण्याचा संभव आहे, असा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. म्हणजे हजार माणसांच्या वस्तीत, त्यातही म्हातारी माणसं जास्त असतील तर, पाच रुग्ण दिसणं हे वाटतं तितकं विचित्र नाही. दुसरं, हे पाच कॅन्सर कोणते? एकीला स्तनाचा, एकाला तोंडाचा, एकाला रक्ताचा असेल तर ते वेगवेगळे आजार आहेत, त्यांची कारणंही वेगळी. तोंडाच्या कॅन्सरमागे तंबाखू, मावा, मिश्री आधी शोधा. मिश्रीला व्यसन न मानणारी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. तिसरं, बहुतेक कॅन्सरना कारण घडल्यापासून दहा, वीस, कधी चाळीस वर्षं लागतात. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कारखान्यावर आजच्या गाठीचा आळ घालता येत नाही.

आणि चौथं, आपण गल्लीची हद्द रुग्ण दिसल्यानंतर आखतो. भिंतीवर आधी गोळ्या झाडायच्या आणि मग जिथे जास्त लागल्या तिथे वर्तुळ काढून ‘बघा नेम’ म्हणायचं, तसं ते होतं.

पण याचा अर्थ प्रत्येक शंका झटकून टाकायची असा नाही. एकच आणि दुर्मीळ कॅन्सर, अनपेक्षित वयात, एकाच कामाच्या जागी, असं जुळलं की चार रुग्णसुद्धा पुरतात. अमेरिकेत लुईव्हिलच्या एका पीव्हीसी कारखान्यात १९७४ मध्ये मोजक्याच कामगारांना यकृताचा अतिदुर्मीळ कॅन्सर झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यावरून व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी ज्यापासून बनतं तो वायू, पकडला गेला.

म्हणून तक्रार करायची तर यादी अशी करा : वय, कोणत्या अवयवाचा कॅन्सर, निदानाचं वर्ष, या जागी किती वर्षं राहतात, कामधंदा, तंबाखू. सोबत गल्लीतली एकूण माणसं, वयोगटांसह. भागाकार करायला खालचा आकडा लागतोच. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. शेजारच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत किती कॅन्सर अपेक्षित धरावेत, हे तिच्यावरून समजतं.

१३. ‘अमुक खाल्ल्याने कॅन्सरचा धोका दुप्पट’ अशी बातमी आली की काय समजायचं?

विचारा : कशाच्या दुप्पट? समजा दहा हजारांत दोघांना होणारा आजार चौघांना झाला. धोका दुप्पट झाला हे खरं, पण दहा हजारांतले ९,९९६ जण तसेच राहिले. हेच दहा हजारांत हजार होणाऱ्या आजाराचे दोन हजार झाले, तर गाव हादरेल. बातमीत मूळ आकडा नसेल तर ती अर्धीच बातमी आहे.

१४. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की पोरांचा खोकला वाढतो. दरवर्षी. याहून पुरावा काय पाहिजे?

तुमचं निरीक्षण खोटं नाही. पण हंगाम सुरू होतो तेव्हाच थंडी पडते, धूर जमिनीलगत साचतो, शेतात पाचट पेटतं, पहाटे पाणी तापवायला चुली आणि बंब पेटतात आणि सर्दीचे विषाणूही त्याच दिवसांत पसरतात. यातला कारखान्याचा वाटा किती, हे ‘आधी-नंतर’ पाहून सुटत नाही. त्यासाठी ‘इथे-तिथे’ पाहावं लागतं : वाऱ्याच्या दिशेच्या गावात आणि उलट दिशेच्या गावात फरक आहे का? त्याच थंडीत ज्या वर्षी कारखाना बंद होता त्या वर्षी काय झालं?

१८५४ मध्ये लंडनमध्ये पटकीची (कॉलराची) साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने हेच केलं. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मृत्यू दाटलेले होते, पण त्याला जास्त उपयोग झाला तो न जुळणाऱ्या माणसांचा. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते पाणी पीतच नव्हते. आणि मैलोगणती दूर राहणारी एक बाई मेली, कारण तिला याच पंपाचं पाणी आवडायचं आणि ती ते मागवून घ्यायची. तुमच्या गावातलीही अशी माणसं शोधा.

ब्रॅडफर्ड हिल या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये संबंध आणि कारण यांत फरक करायला काही कसोट्या मांडल्या. कारण आधी घडलं का, डोस वाढला तसा त्रास वाढला का, दुसऱ्या ठिकाणीही तेच दिसलं का, वगैरे. पुरावा शंभर टक्के होईपर्यंत हात बांधून बसा असं त्याचं म्हणणं नव्हतं, आमचंही नाही. बारीक धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची ५. धुरांडं राखेने गच्चीवरचे कपडे काळे करत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायला कुठल्याही संशोधनाची गरज नाही. फक्त एक लक्षात घ्या : गच्चीवर दिसणारी जाड काजळी नाकातच अडकते, छातीत खोल जाते ती न दिसणारी.

१५. मोबाइल टॉवर कॅन्सरच्या यादीत आहे ना?

आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत, ‘शक्यता नाकारता येत नाही’ या २ब गटात, २०११ पासून. ही यादी पुरावा किती पक्का ते सांगते, धोका किती मोठा ते नाही. तंबाखू आणि सुपारी पहिल्या गटात आहेत. टॉवरविरुद्धच्या निवेदनावर सही करायला येताना तोंडातला मावा थुंकून येणारे पाहिले आहेत, म्हणून एवढं लिहिलं.

१६. भाऊ गलाईच्या कामाला परगावी आहे. तेजाबाचा लाल धूर लागला, तासाभरात बरं वाटलं. आता काळजी नाही ना?

पुढचे चोवीस तास काळजी आहे. विटा-खानापूर-आटपाडीची माणसं देशभर हा सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करतात, त्यामुळे हे घराघरांत माहीत असायला हवं. नायट्रिक ॲसिडमध्ये धातू टाकल्यावर निघणारा तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो पाण्यात सावकाश विरघळतो, म्हणून नाक-घसा फार झोंबत नाही आणि माणूस पळत नाही. धूर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. काही तास बरं वाटतं आणि मग, बहुतेकदा रात्री, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. धाप, फेसाळ थुंकी, ओठ निळे. जास्त धूर लागला असेल तर लक्षणं नसतानाही दवाखान्यात देखरेखीखाली थांबावं. काहींना दोन ते सहा आठवड्यांनी दुसऱ्यांदा दम लागतो, तेव्हा डॉक्टरला जुनी घटना सांगावी लागते.

केडीएमचा, म्हणजे सोन्याचे दागिने जोडायच्या कॅडमियम मिश्रधातूचा, डाग देण्याचं काम असेल तर त्यातलं कॅडमियम वेगळं. त्याच्या धुरानेही काही तासांनी थंडी-ताप येतो आणि तो फ्लू समजून अंगावर काढला जातो. पंखा लावून उपयोग होत नाही, धूर बाहेर ओढणारं धुरांडं लागतं.

१७. औषध अंगात किती गेलंय ते रक्तात तपासता येतं का?

सगळी नाही, पण ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांसाठी प्रश्न ५ मधलं विकर मोजणारी कोलिनेस्टरेज ही तपासणी आहे. लोक फसतात ते इथे : तिची ‘नॉर्मल’ रेंज इतकी रुंद आहे की तुमचं विकर तिसऱ्या हिश्श्याने घटलं तरी रिपोर्टवर नॉर्मलच छापून येऊ शकतं. म्हणून तुलना स्वतःशीच करायची. किमान महिनाभर यातलं काही फवारलेलं नसताना एकदा तपासणी करून तो कागद जपून ठेवा आणि मग ऐन हंगामात पुन्हा करा. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी तसा नियमच आहे : मूळ आकड्यापेक्षा २० टक्के घट झाली तर कामाची पद्धत तपासायची, आणि तांबड्या पेशींतलं विकर ३० टक्के घटलं तर ते पुन्हा भरून येईपर्यंत माणसाला फवारणीवरून हटवायचं.

दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत. मँकोझेब किंवा इमिडाक्लोप्रिडसाठी ही तपासणी निरुपयोगी आहे. आपल्या वेळापत्रकात द्राक्षाच्या एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन्ही छाटण्या बसवून पाहिल्या तर मूळ आकड्यासाठी सोयीचा काळ म्हणजे पावसाळ्याचा शेवट, ऑक्टोबर छाटणीच्या आधी. बागेला त्या दिवसांत बुरशीनाशकं चालू असतात, ती आड येत नाहीत. फक्त कीटकनाशकाची शेवटची फवारणी कधी झाली ते डायरीत बघून तारीख ठरवा.